गिटहब डेस्कटॉपने कमिट करणारे 'बटणछाप'?

निबरगट्टू: काल एका विद्वानांनी लिहिलं, "डेस्कटॉपवरून कमिट करणाऱ्यांना गिट येतच नाही, नुसते बटणछाप." राहवलं नाही म्हणून लिहितोय. नवख्यांसाठी: गिट म्हणजे फायलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, कमिट म्हणजे अशी एक नोंद. गिटहब डेस्कटॉपवर ती बटणांनी होते, टर्मिनलवर आज्ञा टाइप करून. डेस्कटॉपमध्ये डावीकडे बदललेल्या फायली दिसतात, उजवीकडे लाल-हिरवा फरक. नको ती ओळ एका क्लिकवर वगळता येते. टर्मिनलवाले काय करतात? 'गिट ॲड डॉट' (म्हणजे सगळ्या फायली सरसकट घे), एंटर, झालं! पासवर्डची फाइलही रेपोत, म्हणजे प्रकल्पाच्या साठ्यात. आणि बटणछाप आम्ही?

टर्मिनलभक्त: ते विद्वान मीच. 'गिट ॲड -पी' ऐकलंय? एकेक तुकडा दाखवून विचारतं. आणि तुमचा डेस्कटॉप सगळ्या फायलींवर आधीच टिक मारून ठेवतो, ते बरं विसरलात! तोही डॉटच की.

जुनाखोंड: गिटच्या आधीचं एसव्हीएन बरं होतं. कमिट केलं की थेट सर्व्हरवर. हल्लीची पोरं कमिट दाबून घरी जातात, पुश, म्हणजे सर्व्हरवर पाठवणं, राहिलेलं. वर म्हणतात, "सर, मी सेव्ह केलं होतं."

सागरिका: मी गावच्या ओव्या गोळा करते, फायलींची नावं देवनागरीत. काय बदललं ते बघायला टर्मिनलवर 'गिट स्टेटस' केलं की नावांच्या जागी तिरक्या रेघा आणि ३४०, २४४ असले आकडे. डेस्कटॉपवर नाव नावासारखं दिसतं. विषय संपला.

टर्मिनलभक्त: गिटची 'कोअर डॉट कोटपाथ' ही सेटिंग फॉल्स करा. एका ओळीचं काम.

सागरिका: ती ओळ मला स्वप्नात दिसणार होती का?

जुनाखोंड: मुळात नावं देवनागरीत ठेवायचीच कशाला? इंग्रजीत ठेवा, कटकट मिटेल.

सागरिका: काका, ओवी मराठी, गाणारी मराठी, आणि फाइल तेवढी इंग्रजी? का म्हणून?

जुनाखोंड: भावना बाजूला ठेवा. उद्या एखादी स्क्रिप्ट अडली की रडाल.

निबरगट्टू: अडली तर स्क्रिप्ट सुधारा, माणसांना कशाला सुधारताय?

टर्मिनलभक्त: मूळ मुद्द्यावर या. आमच्या ऑफिसात एकाने डेस्कटॉपवर सगळे बदल 'डिस्कार्ड' केले, म्हणजे टाकून दिले. कमिट न केलेलं काम रिफ्लॉगमध्येही (गिटच्या जुन्या हालचालींच्या नोंदीत) सापडत नाही. बोंबला!

निबरगट्टू: रिसायकल बिन उघडली का त्याने? डेस्कटॉप टाकलेले बदल तिथे ठेवतो. बदल पुसणारं तुमचं 'रिसेट हार्ड' ठेवतं का?

टर्मिनलभक्त: बरं बाबा, बिनचा एक मार्क घ्या. रिबेस (जुने कमिट नव्या पायावर पुन्हा रचणं) फसला की टर्मिनलच उघडाल, तेव्हा भेटू.

सागरिका: कोटपाथ चाललं, आभार. नावं देवनागरीतच राहतील, काका.