स्टेम सेल: खोडपेशी की मूलपेशी?

पऱ्हाटी: शेतकरी गटासाठी टिश्यू कल्चरची, म्हणजे झाडाच्या तुकड्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून रोपं करण्याची, छोटी पुस्तिका मराठीत करतोय. पानाच्या तुकड्यातल्या साध्या पेशी स्टेम सेलसारख्या (जिच्यातून इतर प्रकारच्या पेशी घडू शकतात ती पेशी) होतात नि फलन न होताच त्यांतून भ्रूण तयार होतो, या वाक्यावर अडलोय. स्टेम म्हणजे खोड म्हणून मी ‘खोडपेशी’ लिहिलं, तपासणाऱ्या सरांनी ‘मूलपेशी’ केलं. आता वाचणारा म्हणेल, मुळातली पेशी! झाडाच्या बाबतीत दोन्हीकडून फजिती.

व्याकरणवाला: मूल म्हणजे आद्य. शब्द रूढ आहे, ठेवा.

कोरडवाहू: कुठं रूढ हाय? दवाखान्यातही स्टेम सेलच म्हणते. हेकेल या जीवशास्त्रज्ञानं १८६८ मध्ये जर्मनमध्ये हा शब्द वापरला तो वंशवृक्षाच्या खोडावरूनच. मग खोडपेशी काऊन चूक?

माहेर वरूड: भाऊ, मला तर भ्रूणच खटकतो. आमच्याकडे तो शब्द फक्त सोनोग्राफीच्या पाटीवर दिसतो. बायांना आधी तेच आठवेल. सरळ कोंब लिहा.

पऱ्हाटी: कोंब नाही चालत ताई. केळीच्या रोपांत बहुतेक वेळा कोंबच फुटवतात, मुळं नंतर दुसऱ्या पोषक माध्यमात आणतात. भ्रूणाला सुरुवातीपासून एका टोकाला कोंब, दुसऱ्याला मूळ. स्टुअर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञानं १९५८ मध्ये गाजरावर हे दाखवलं. आधी गोल, मग बदामाच्या आकाराचा, मग लांबुळका, अगदी बीमध्ये वाढतो तसाच. टू-फोर-डी घातलेल्या माध्यमात पेशींचे गठ्ठे वाढतात, ते काढलं की भ्रूण पुढे सरकतो.

निंबाखालचा: टू-फोर-डी? ते त आमी तणावर मारतो! शेजाऱ्यानं तोच पंप न धुता फवारला, माह्या वावरातल्या पऱ्हाटीची, कपाशीची, पानं भेंडीसारखी झाली. त्यानंच भ्रूण होते?

पऱ्हाटी: मात्रेचा खेळ आहे दादा, इथे लिटरला मिलिग्रॅमच्या आसपास. आणि सगळ्या वाणांना जमतही नाही. कपाशीत कोकर ३१२ हा अमेरिकन वाण भ्रूण देतो, म्हणून बीटीचं जनुक आधी त्यात घातलं, मग संकरानं आपल्याकडच्या वाणांत आणलं.

व्याकरणवाला: त्या गठ्ठ्यांना कॅलस नको, ‘किण’ म्हणा. शुद्ध संस्कृत.

कोरडवाहू: किण कोण म्हणते हो? घट्टा म्हणा. डवरा धरून हाताले पडते तो.

पऱ्हाटी: घट्टा टणक असतो. हा चिमटीत धरला की भुसभुशीत, रव्यासारखा सुटतो.

माहेर वरूड: फलनाशिवायचा भ्रूण आमच्या संत्र्याच्या रोपवाटिकेत रोज दिसतो, प्रयोगशाळा कशाला? जंबेरीची (जिच्यावर संत्र्याचं कलम करतात ते लिंबू) एक बी लावली की कधी दोन, कधी तीन रोपं येतात. बहुतेक आईसारखीच, कारण ती बीजांडातल्या आईच्याच पेशींपासून होतात. वेगळं दिसलं ते बाबा उपटून टाकतात, बाकीच्यांवर संत्र्याचा डोळा बांधतात. एका बीतल्या रोपांना आम्ही जुळं म्हणतो.

कोरडवाहू: तीन असले तरी जुळंच? मग तिळं म्हणा ना.

माहेर वरूड: रोपवाटिकेत कोण मोजत बसतं?

व्याकरणवाला: पऱ्हाटी, पुस्तिकेच्या नावात टिश्यूसाठी ‘ऊतक’ नाही ना? ते हिंदी. मराठीत ऊती, विणणे या अर्थाच्या ‘वे’ धातूवरून.

निंबाखालचा: आमचा बजार नागपूरचा, अर्धी भाषा हिंदीच हाय. ऊतक चालते.

व्याकरणवाला: मुळीच चालत नाही.