मदत हवी आहे: अडीच वर्षांच्या लेकीसाठी ९ ते १२ ची नर्सरी, काय काय विचारून घ्यावं?

नमस्कार मंडळी, धागा लांबलाय, सांभाळून घ्या. दोन आठवडे डोक्यात हेच चाललंय आणि घरात प्रत्येकाचं मत वेगळं आहे.

आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो. लेक डिसेंबरची. म्हणजे जूनमध्ये शाळा सुरू होईल तेव्हा ती अडीच वर्षांची असेल आणि ३१ डिसेंबरच्या आत तीन पूर्ण. राज्य शासनाच्या सप्टेंबर २०२० च्या जीआरप्रमाणे ३१ डिसेंबरला ३ पूर्ण होत असतील तर नर्सरीला चालतं, पहिलीसाठी तसंच ६ पूर्ण लागतात. त्यामुळे कागदावर ती बसते, पण अगदी काठावर. वर्गात सगळ्यात लहान तीच असणार.

शाळेची वेळ ९ ते १२. मी बँकेत आहे, दहाच्या आत पोचावंच लागतं. नवरा हिंजवडीला, तो आठलाच निघतो. घरी सासूबाई आहेत, पण त्यांचे गुडघे दुखतात आणि आमची बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही, तिसरा मजला. म्हणजे सकाळी सोडायला मी, पण बाराला आणायला कोण हा प्रश्न पहिल्या दिवसापासून आहे.

गेल्या शनिवारी एका शाळेत ट्रायलला घेऊन गेले. नाव नाही लिहीत. शाळा दिसायला छान आहे, भिंतींवर चित्रं, छोट्या रंगीत खुर्च्या. मला बाहेर बसायला सांगितलं. आत साधारण पाऊण तास होती. आधी रडण्याचा आवाज येत होता, मग बंद झाला, मला वाटलं चला रमली. बाहेर आली तेव्हा फ्रॉक ओला होता आणि डबा भरलेला. मी तिच्या आवडीचे छोटे गोड शंकरपाळे दिले होते, एकही खाल्ला नव्हता. घरी येऊन बघितलं तर चारी बाजूंनी क्लिप लागणारा तो डबा, तिच्या बोटांनी एकही क्लिप उघडत नाही, आणि तिथे कुणी उघडून दिला नाही. शू झाल्याचंही कुणाला कळलं नव्हतं. टीचर म्हणाल्या, "मॅडम, तिने सांगितलंच नाही." आमच्याकडे ती "शू आली" म्हणते. त्या तिच्याशी पूर्ण वेळ इंग्लिशमध्येच बोलत होत्या, तिला काय कळणार कुणाला सांगायचं ते. रात्री झोपेत दोनदा दचकून उठली, माझा अजून जीव तुटतो आठवलं की.

सासरे म्हणतात एक वर्ष थांबा, पुढच्या जूनला घाला. नवरा म्हणतो तीन तासांचा तर प्रश्न आहे, सवय होईल. फी वर्षाची ६२ हजार, ॲडमिशन फी वेगळी, आणि या महिन्याच्या शेवटपर्यंत सीट धरायचीय. ज्यांची मुलं अर्ध्या दिवसाच्या शाळेत जातात किंवा जाऊन आलीत त्यांनी प्लीज सांगा, फी भरायच्या आधी काय बघायचं, काय विचारायचं?

प्रतिसाद १:
ताई, मी १९ वर्षं बालवाडीत शिकवतेय म्हणून लिहिते. आधी एक सांगते, तुमची लेक ठीक आहे. पाऊण तास अनोळखी जागी, आई नाही, भाषा कळत नाही, त्यात डबा उघडत नाही, मोठं माणूससुद्धा गांगरेल.

तीन तासच का, तर या वयाच्या मुलाचं पोट, शू आणि झोप तिन्ही अजून घरच्या घड्याळावर चालतात. साडेबाराला मूल पेंगायला लागतं. राष्ट्रीय बाल हक्क आयोगाच्या खासगी प्लेस्कूलसाठीच्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्यात पण रोजचे ३ ते ४ तासच धरलेत, २० मुलांमागे एक शिक्षिका आणि एक सांभाळणारी बाई हवी असं आहे, आणि तीन वर्षांच्या आतलं मूल घेऊच नये असंही. तुमची लेक जूनमध्ये तीनच्या आत आहे, ते लक्षात ठेवा. आरटीई, म्हणजे शिक्षणहक्क कायदा, मुख्यतः ६ ते १४ वयासाठी आहे, त्यामुळे बालवाडीच्या वयाला त्याचा फारसा आधार मिळत नाही आणि आपणच डोळे उघडे ठेवून बघायचं.

शाळेत गेलात की "अभ्यासक्रम काय" हे विचारू नका, छापील कागद देतात. "काल नऊ ते बारा नक्की काय काय केलं" हे विचारा. मोकळं खेळणं, गोलात बसून गाणी, डबा, बाहेर माती-वाळू, मग गोष्ट असं काही सांगितलं तर बरं. वही, लाइन मारणं, ए टू झेड लिहिणं ऐकलंत तर सरळ उठून या. एनसीईआरटीच्या २०१९ च्या पूर्वप्राथमिक अभ्यासक्रमात या वयात लेखी किंवा तोंडी कसलीच परीक्षा नको असं स्पष्ट म्हटलंय. आधी बोटांत ताकद यायला हवी. घरी मटार सोलायला द्या, कणकेचा गोळा द्या, मोठे मणी ओवायला द्या.

आणि टॉयलेट स्वतः आत जाऊन बघा. लहान भांडं आहे का, फरशी कोरडी आहे का, मावशी किती आहेत, कपडे बदलते कोण. "शू आली, पाणी हवं, आई हवी" एवढं मराठीत समजणारी एक तरी बाई वर्गात हवी. हे मला फीपेक्षा महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डी-कोसबाडला बालशिक्षणाचं काम करत होत्या तेव्हा मूल शाळेत आलं नाही तर शाळाच मुलांच्या अंगणात नेत होत्या, मुलांच्या बोलीत. निदान दारात आलेल्या मुलाची भाषा तरी शाळेला कळावी.

सोडताना न सांगता पळून जाऊ नका हं. बरेच जण तसं करतात, मूल खेळात गुंतलं की आई गायब. मग ते मूल महिनाभर दाराकडे बघत बसतं. "मी जाते, डबा खाऊन गोष्ट झाली की आजी येणार" एवढं सांगून निघा, रडलं तरी. पहिला आठवडा आईला वर्गात बसू देतात का ते विचारा. नाही म्हणाले तर का नाही हेही विचारा.

प्रतिसाद २:
मी ठाण्याहून. आमच्या मुलाच्या वेळी सगळ्यात जास्त घोळ बारानंतरच झाला, म्हणून तेवढंच लिहितो. शाळा बाराला सुटायची पण व्हॅनमध्ये आमचं घर शेवटून दुसरं, पोचायला एक वाजायचा, सकाळीही साडेआठला निघायचा, म्हणजे तीन तासांच्या शाळेसाठी साडेचार तास बाहेर. पहिले दोन महिने व्हॅनमध्ये झोपलेलाच उतरायचा. काकांना आधीच विचारा किती मुलं, कोणता क्रम, सोबत बाई आहे का. न्यायला कोण येणार त्याचे फोटो शाळेकडे असतात का ते बघा, आमच्या शाळेत कार्डाशिवाय आजोबांनाही देत नव्हते, तेव्हा राग यायचा, आता बरं वाटतं.

दुसरं म्हणजे सुट्ट्या. दिवाळी, नाताळ, पूर्ण मे, शिवाय पावसाळ्यात सर्दी-ताप. पहिल्या जून ते ऑगस्टमध्ये आमचा मुलगा जितका शाळेत गेला जवळपास तितकाच घरी होता. तुमच्या रजा आत्ताच मोजून ठेवा आणि पाळणाघर लागणारच असेल तर ते शाळेच्या आधी शोधा. पाळणाघराच्या काकू शाळेतून आणतात का विचारा, बऱ्याच आणतात.

प्रतिसाद ३:
माझी वहिनी अंगणवाडी सेविका आहे म्हणून सुचवते. जवळपास चांगली अंगणवाडी असेल तर एकदा जाऊन बघा. आयसीडीएस, म्हणजे अंगणवाड्या चालवणारी सरकारी बालविकास योजना, १९७५ पासून चालू आहे, ३ ते ६ च्या मुलांना गाणी-गोष्टी, गरम खाऊ, वजन-उंची, सगळं मोफत. सगळ्या सारख्या नसतात हे खरं, पण तीन पूर्ण झाल्यावर काही महिने तिथे रमली तर पुढच्या जूनला सोपं जाईल.

मूळ पोस्ट लिहिणारी:
सगळ्यांचे मनापासून आभार, तीन-तीनदा वाचलं. बालवाडीच्या ताई, तुमचं वाचून काल परत गेले त्या शाळेत आणि टॉयलेट बघू द्या म्हटलं. वर्गात २६ मुलं, एक टीचर, आणि मावशी एकच, ती पण दोन वर्गांत मिळून. पहिल्या आठवड्यात आत बसू का विचारलं तर "बाकीची मुलं डिस्टर्ब होतात" म्हणाले. सीट सोडली. नवऱ्याला आधी पटत नव्हतं, २६ आकडा ऐकल्यावर गप्प झाला.

आता ठरवलंय की यंदा नर्सरी नाही. पहिलीला जाईल तेव्हा साडेसहाची असेल, चालेल. आमच्या मागच्या गल्लीत एक काकू घरीच सात-आठ मुलांना सांभाळतात, दहा ते बारा खेळ, गाणी, मग वरण-भात. मी दोन दिवस सोबत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी लेकीने स्वतःहून काकूंना "शू आली" सांगितलं, मला नाही, काकूंना. मला तिथेच रडू आलं. आणायला सासूबाईंना जिना एकदाच चढावा लागेल, नाहीतर काकू वर आणून सोडते म्हणाल्यात.

एकच राहिलंय, अडीच वर्षांच्या बोटांना उघडेल असा डबा कोणता? स्टीलचा साधा झाकणाचा दिला तर खाऊ सांडतो आणि घट्ट झाकणाचा तिला उघडत नाही. कुणी वापरला असेल तर सांगा, सोमवारच्या आत घ्यायचाय.