पेठांमधले वाडे : विश्रामबागवाड्याची भर

कोणीतरी म्हटलंय की पुण्यात शनिवारवाडा सोडला तर पेठांमध्ये बघण्यासारखं काही उरलं नाही, हे मला अजिबात पटत नाही. शनिवारवाड्याचा आतला भाग तर १८२८ च्या आगीतच गेला, खरं लाकूडकाम बघायचं असेल तर बाजीराव रोडवरचा विश्रामबागवाडा बघा, दुसऱ्या बाजीरावांचा. सुरूच्या झाडाच्या आकाराचे सागवानी खांब, त्यावर केळफुलाची नक्षी, आणि रस्त्याच्या अंगाला तो देखणा सज्जा, ट्रॅफिकमध्ये मान वर करून बघतच राहावंसं वाटतं! १८२१ मध्ये इंग्रजांनी इथेच संस्कृत पाठशाळा काढली, पुढे तिचंच डेक्कन कॉलेज झालं. १८७९ च्या आगीत याचाही बराच भाग जळला पण तो परत बांधला, म्हणजे मनावर घेतलं तर होतं. नाना फडणवीसांचा नानावाडाही आहेच.

बाकी खाजगी वाड्यांचं दुखणं वेगळंय, भाडेकरू कायद्यामुळे भाडी वर्षानुवर्षं नाममात्र राहिली, मालक दुरुस्ती कुठून करणार, मग माळवद (मातीचं सपाट छप्पर) गळतं, वासे कुजतात आणि शेवटी बिल्डर येतो. नुसतं मालकांना नावं ठेवू नका, दुरुस्तीला पैसे आणि जुन्या कामाचे जाणकार सुतार मिळाले तर कितीतरी वाड्यांचे चौक अजून वाचतील.