रविवारी सोसायटीच्या ग्रुपवरील कामकाज बंद ठेवण्याचा प्रस्ताव

सचिव, ए-३०२
सर्व सभासदांना नमस्कार. सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या प्रवासी होड्या आणि स्कूबा डायव्हिंग पावसाळ्यासाठी बंद झाले आहे, १ जूनपासून यांत्रिक नौकांची मासेमारीही थांबली आहे, आणि दिवाळीपासून ज्यांच्या घरी पाहुण्यांची सतत ये-जा होती त्यांना आता कुठे उसंत मिळाली आहे. हीच वेळ साधून एक प्रस्ताव मांडते. ऑगस्टअखेरपर्यंत दर रविवारी या ग्रुपवर देखभाल-वर्गणी, पार्किंग, गळती यांपैकी काहीही लिहू नये आणि कोणी लिहिलेच तर सोमवारपर्यंत उत्तराची अपेक्षा ठेवू नये. जीवावर बेतणारे काही असेल तर थेट फोन करावा.

यामागचे कारण माझे स्वतःचे आहे. एप्रिलमध्ये बँकेतून संध्याकाळी घरी येताना स्कूटर चालवत असतानाच माझा डोळा लागला आणि गाडी चिऱ्याच्या गडग्यावर जाऊन आदळली. डोक्यावर हेल्मेट होते म्हणून खांद्यावर निभावले. डॉक्टरांनी पट्टी बांधताना विचारले, की पूर्ण दिवस काहीही काम न करता शेवटचा कधी घालवला होता. मी बराच वेळ आठवत राहिले आणि मला एकही दिवस सांगता आला नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक असतो. बँकेचे तास, घरचे तास आणि सोसायटीचे तास मी एकत्र मोजले, तेव्हा हा आकडा केव्हाच ओलांडल्याचे माझ्या लक्षात आले.

ए-१०४
सचिवताईंच्या प्रस्तावाला माझा मनापासून पाठिंबा आहे. आपण रविवार गृहीत धरतो, पण तोही कोणीतरी मागून घेतलेला आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित करून वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा १० जून १८९० रोजी साप्ताहिक सुट्टी मान्य झाली. त्या गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातील माणसे मोठ्या संख्येने होती आणि आपला सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत त्याच जिल्ह्यात होता. आपल्याच पणजोबांना मिळालेला दिवस आपण गळक्या पाइपांच्या छायाचित्रांत घालवावा, हे मला पटत नाही.

बी-१०१
काका, आदर ठेवून थोडे वेगळे सांगतो. ३१ जुलैपर्यंतच्या ६१ दिवसांच्या बंदीला लोक मच्छीमारांची सुट्टी म्हणतात. बरीच मासळी याच काळात अंडी घालते, त्यामुळे समुद्राला विश्रांती मिळते हे खरे आहे. आम्हाला मात्र जाळी सांधायची असतात, इंजिन उतरवून दुरुस्त करायचे असते, आणि मिळकत थांबलेली असताना कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. तरीही एक गोष्ट कबूल करतो. होडी झापांनी, म्हणजे नारळाच्या विणलेल्या झावळ्यांनी, शाकारून झाली की त्या रात्री मला जशी झोप लागते तशी वर्षभर लागत नाही, कारण शेजारच्याची होडीही किनाऱ्यावरच आहे हे मला ठाऊक असते. एरवी तो पहाटे गेला आणि मी राहिलो, तर अंथरुणात पडूनही डोळा लागत नाही.

सचिव, ए-३०२
भाऊ, तुम्ही नेमके मर्मावर बोट ठेवलेत. माझे सासर आचऱ्याचे, त्यामुळे गावपळण मी अनुभवली आहे. दर तीन-चार वर्षांनी श्री देव रामेश्वराचा कौल झाला, की सगळा गाव गुराढोरांसह, कोंबड्या-कुत्र्यांसह वेशीबाहेर जाऊन तीन दिवस, तीन रात्री राहतो. तेवढ्या काळात गावात कोणी पाऊल ठेवत नाही. आमची राहुटी झापांची होती, खाली जमीन सारवलेली, बाहेर तीन दगडांची चूल. पहिल्या रात्री माझा हात सारखा मोबाइल शोधत होता आणि दाराला कुलूप घातले की नाही या विचाराने मी दोनदा उठून बसले. दुसऱ्या दिवशी पेज पिऊन झाल्यावर सासूबाई जुन्या लुगड्याच्या घडीवर आडव्या झाल्या आणि भर सकाळी झोपी गेल्या. इतक्या वर्षांत त्यांना सकाळी निजलेले मी प्रथमच पाहिले. संध्याकाळी भजन होते, पलीकडे बायका फुगड्या घालत होत्या. चौथ्या दिवशी पुन्हा कौल घेतल्यावरच आम्ही घरी परतलो. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने मानावा. मला तेथे उमगले ते एवढेच, की घरात झाडलोट करणारे, हिशेब लिहिणारे, दुकान उघडणारे कोणीच मागे उरलेले नसते, म्हणून कोणाच्याही मनाला टोचणी लागत नाही. मी एकटीने बँकेत रजा टाकली, तर परतल्यावर दुप्पट काम टेबलावर असते आणि रजेतही माझे मन तेथेच असते.

सी-२०३
वहिनी, गावपळणीतही चूल होतीच आणि तिच्यापाशी बायकाच असणार. रविवारी ग्रुप शांत राहील, पण घरातील मंडळी निवांत असतात त्याच दिवशी वडे-सागोतीची फर्माईश होते आणि माझा रविवार इतर दिवसांपेक्षा मोठा होतो. प्रस्तावात एवढे जोडावे, की रविवारी दुपारी घरोघरी पेज, भाजलेला सुका बांगडा आणि लोणचे एवढेच असावे, आणि ते पुरुषांनी व मुलांनी मांडावे.

बी-१०१
ताई, मान्य आहे. बांगडा भाजण्याची जबाबदारी आमच्या घरी माझी.

ए-२०२
मला आणखी एक गोष्ट सुचवायची आहे. आपले वॉचमनदादा आठवड्याचे सातही दिवस येतात. सकाळी सहाला पंप सुरू करण्यासाठी त्यांनाच यावे लागते. त्यांना रविवार न देता आपण स्वतःसाठी तो मागणे योग्य होणार नाही.

सचिव, ए-३०२
ही बाब माझ्या लक्षात यायला हवी होती आणि ती आली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. दादांशी आत्ताच बोलले. रविवारी त्यांना भरपगारी सुट्टी राहील. त्यांना गावी भातलावणीसाठी जायचे होते, पण विचारायला संकोच वाटत होता, असे ते म्हणाले. पंपासाठी प्रत्येक विंगने आळीपाळीने एक माणूस द्यावा. वरची टाकी भरायला पाऊण तास लागतो आणि पंपाचे बटण दोनदा दाबावे लागते, कारण पहिल्यांदा ते धरत नाही. येत्या रविवारी ए विंगतर्फे मी जाईन, पुढच्या रविवारी बी विंगने नाव कळवावे.

बी-१०१
बी विंगतर्फे माझे नाव लिहा. पहाटे उठण्याची सवय आहेच.