शेफील्डला धूरबंदीच्या भागात लाकडाचा स्टोव्ह बसवायचाय, कोणता घेऊ?

शेंगोळे
नमस्कार मंडळी. यंदा शेफील्डला घर घेतलं, जुनं व्हिक्टोरियन टेरेस (रांगेतलं घर) आहे, दोन्ही बाजूंना शेजारी चिकटलेले. हॉलमध्ये जुनी फायरप्लेस आहे पण आधीच्या मालकाने फळी ठोकून बंद करून टाकलीये. गॅसचं सेंट्रल हीटिंग आहे तरी हॉल काही केल्या तापत नाही, आणि नोव्हेंबरात आईबाबा सांगलीहून येतायत, बाबांना थंडी अजिबात सोसत नाही म्हणून बायको म्हणते वुड बर्नर बसवूनच टाकू. कौन्सिलच्या नकाशावर बघितलं तर आमची गल्ली स्मोक कंट्रोल एरियात म्हणजे धूरबंदीच्या भागात येते. दुकानात गेलो तर तो माणूस दिसेल त्या स्टोव्हला "इकोडिझाइन आहे सर, नो टेन्शन" म्हणतोय आणि ८ किलोवॉटचा गळ्यात मारायला बघतोय. हॉल ४ बाय साडेचार मीटर, उंची २.६. कुणी बसवलाय का? कोणता घ्यावा, एकूण खर्च किती येतो, आणि दंडबिंड खरंच होतो का?

गावठी_गोरा
८ किलोवॉट?? हॉल आहे का मंगल कार्यालय?

लीड्सचा_बंडू
शेंगोळे, दुकानदार अर्धंच सांगतोय. इकोडिझाइन आणि डेफ्राची (इथलं पर्यावरण खातं) सूट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि इथेच सगळे फसतात. इकोडिझाइन म्हणजे १ जानेवारी २०२२ पासून बाजारात येणाऱ्या प्रत्येक नव्या स्टोव्हने पाळायची किमान अट, त्यात धूळकण, कार्बन मोनॉक्साइड, कार्यक्षमता वगैरेच्या मर्यादा आहेत. ते लेबल आहे म्हणून धूरबंदीच्या भागात लाकूड जाळायला परवानगी मिळाली असं होत नाही. त्यासाठी ते मॉडेल डेफ्राच्या एक्झेम्प्ट अप्लायन्सेसच्या यादीत असावं लागतं. यादी सरकारी साइटवर आहे, तिथे कंपनीचं नाव नाही तर मॉडेलचं अख्खं नाव शोधायचं, कारण एकाच स्टोव्हचे दोन अवतार असतात. ज्याच्या नावामागे 'एसई' किंवा तसलं काही शेपूट असतं तो सूटवाला, नुसत्या नावाचा कधीकधी नसतो. आणि सूट ठरावीक इंधनापुरती असते. यादीत लाकडाचे ओंडके लिहिलंय तर लाकडाचे ओंडकेच.

दुसरा रस्ता म्हणजे कुठलाही स्टोव्ह घ्या, अगदी उघडी फायरप्लेस ठेवा, पण त्यात फक्त मंजूर इंधन जाळा, म्हणजे अँथ्रासाइट किंवा यादीतले स्मोकलेस गोळे. उघड्या फायरप्लेसमध्ये लाकूड मात्र तुमच्या भागात चालणार नाही.

दंडाचं म्हणाल तर चिमणीतून धूर दिसला तर इंग्लंडमध्ये कौन्सिल १७५ ते ३०० पौंड लावू शकते, आणि बिनसुटीच्या स्टोव्हसाठी नामंजूर इंधन विकत घेतलं तर १००० पर्यंत. कौन्सिलवाले दुर्बीण घेऊन फिरत नाहीत हे खरं. पण टेरेसमध्ये राहता, शेजारी आहेत की.

शेंगोळे
बंडू दादा, एक नंबर. हे कुणी सांगितलंच नव्हतं. मग यादीतला ८ चा घेतला तर? मोठा असलेला बरा ना, कमी करून चालवता येईल.

नळ_आणि_दमयंती
नाही हो!! इथेच तर गोम आहे. माझं कामच हीटिंगचं आहे म्हणून जरा लांबण लावते.

खोलीचं घनफळ काढा, तुमचं झालं साधारण ४७ घनमीटर. बऱ्यापैकी घर असेल तर त्याला १४-१५ ने भागायचं, हवा आत येणारं जुनं घर असेल तर १० ने. म्हणजे तुमचं उत्तर येतं सव्वातीन ते पावणेपाच किलोवॉट. ४ किंवा ५ चा स्टोव्ह, विषय संपला. ८ चा घेतलात तर अर्ध्या तासात हॉलची भट्टी होणार, मग तुम्ही काय करणार, हवेचा खटका बंद करत नेणार. हवा तोडली की लाकूड पेट न घेता धुमसत राहतं, त्यातून निघालेला वायू जळतच नाही, तो तसाच धूर होऊन वर जातो आणि चिमणीच्या थंड भिंतीला डांबरासारखा चिकटतो. पुढे त्याच डांबराला आग लागते. आमच्या ओळखीत एकांनी असा ढाण्या स्टोव्ह घेतलाय, त्यांची काच बघा, कायम काळी. काच काळी पडायला लागली की समजायचं लाकूड ओलं आहे नाहीतर हवा कमी पडतेय, काच पुसायचा स्प्रे घेऊन काही होत नाही.

सूट मिळालेल्या स्टोव्हमध्ये म्हणूनच हवेच्या खटक्याला बहुधा एक स्टॉप बसवलेला असतो, तो पूर्ण बंद होतच नाही. काही जण तो काढून टाकतात रात्रभर निखारा राहावा म्हणून. अजिबात करू नका.

५ किलोवॉटपर्यंत असण्याचा आणखी एक फायदा, जुन्या घरात भिंतीला वेगळं व्हेंट पाडावं लागत नाही. ५ च्या वर गेलात की वरच्या प्रत्येक किलोवॉटला ५५० चौरस मिलिमीटर कायम उघडं भोक ठेवावं लागतं. म्हणजे ८ च्या स्टोव्हसाठी भिंतीला भोक पाडून त्यातून थंड वारा आत घ्यायचा आणि तो तापवायला लाकूड जाळायचं! नव्या हवाबंद घरांना नियम अजून कडक आहेत, पण तुमचं तसं नाही.

आणि मल्टीफ्युएल (लाकूड-कोळसा दोन्ही जाळणारा) घेऊ नका, लाकूडच जाळणार असाल तर लाकडाचाच घ्या. लाकूड राखेच्या गादीवर आणि वरून आलेल्या हवेवर छान जळतं, कोळशाला जाळी आणि खालून हवा लागते.

गावठी_गोरा
ढाण्या स्टोव्ह 😂 शब्द ढापला आहे.

लीड्सचा_बंडू
खर्चाचं राहिलंच. स्टोव्हच्या किमतीपेक्षा बसवण्याचा खर्च जास्त धरा. चिमणी साफ करून तपासणं, आतून स्टीलचा लायनर (धूर वर नेणारी नळी), खाली हर्थ (स्टोव्ह ठेवायचा न जळणारा ओटा), वर जाळीचा काऊल (नाहीतर कावळे घरटं करतात, इकडचे जॅकडॉ तर चिमणीसाठीच जन्माला आलेत), रजिस्टर प्लेट (चिमणीचं खालचं तोंड बंद करणारा पत्रा), मजुरी. मला आलेली कोटेशनं सगळं धरून अडीच ते चार हजारांच्या मधे होती. सूटवाला लाकडाचा स्टोव्ह असेल तर १२५ मिलिमीटरचा लायनर चालतो, बाकीच्यांना बहुधा १५० लागतो, अरुंद चिमणीत हा फरक फार कामाला येतो. हेटासमध्ये (स्टोव्ह बसवणाऱ्यांची नोंदणी करणारी संस्था) नोंद असलेल्या माणसाकडूनच बसवा, तो स्वतःच सर्टिफिकेट देतो, नाहीतर तुम्हाला कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलला कळवून त्यांची पाहणी करून घ्यावी लागते. तो कागद जपून ठेवा, घर विकताना वकील पहिला तोच मागतो.

ब्रँडचं म्हणाल तर आईल ऑफ वाइटचे चार्नवुड, डेन्मार्कचे मोर्सो, नॉर्वेचे योटुल, सगळे चांगले. ४-५ किलोवॉटमध्ये प्रत्येकाकडे यादीतलं काही ना काही मिळेल. मी तरी ब्रँडवरून रात्र जागवणार नाही, ज्याचे सुटे भाग जवळ मिळतात तो घ्या, आतल्या विटा आणि दार घट्ट लागावं म्हणून असलेली दाराची दोरी बदलावी लागतेच.

कोल्हापुरी_इन_केंट
लाकडाबद्दल कुणीच बोललं नाही अजून. स्टोव्ह सोन्याचा घ्या, जळण ओलं असेल तर सगळं मुसळ केरात. ताज्या तोडलेल्या लाकडात अर्ध्याच्या आसपास पाणीच असतं, तुमची बरीच उष्णता ते पाणी उकळण्यातच जाते. १ मे २०२१ पासून इंग्लंडमध्ये २ घनमीटरपेक्षा कमी लाकूड विकायचं तर ओलावा २० टक्के किंवा त्याखाली पाहिजे, पिशवीवर 'रेडी टू बर्न' छाप असतो, तो बघून घ्या. पेट्रोल पंपावरच्या जाळीच्या पिशव्या परवडत नाहीत, वर्षाचं एकदम घेतलेलं स्वस्त पडतं पण मग साठवायला जागा हवी, वर छप्पर, बाजू उघड्या, खाली पॅलेट. ताडपत्रीत गुंडाळून ठेवलं तर बुरशी धरते.

ओलावा मोजायचं मीटर वीसेक पौंडात मिळतं. ओंडका फोडायचा आणि आतल्या ताज्या बाजूला सुया टोचायच्या. सालीवर टोचून "१२ टक्के आलं" म्हणणारे बरेच भेटतात.

पेटवताना मोठे ओंडके खाली, त्यावर बारीक, सगळ्यात वर ढलप्या आणि काडी वरून लावायची. आपल्याकडे चूल खालून पेटवायची सवय, त्यामुळे हात वळत नाही आधी. पण वरून पेटवलं की खालच्या लाकडातून निघणारा वायू वरच्या जाळातूनच जातो आणि जळतो, सुरुवातीचा जो पांढरा लोट निघतो ना तो बराच कमी होतो. शेजारी खूश. रंग दिलेलं लाकूड, एमडीएफ, जुनं फर्निचर यातलं काहीही आत घालायचं नाही.

फोडणीवाली
एक गोष्ट आपल्या लोकांसाठी खास. किचन आणि हॉल एकच असेल, किंवा मधलं दार कायम उघडं असेल, तर एक्झॉस्टकडे लक्ष द्या. मिरचीची फोडणी टाकली, ठसका उठला, आपण हूड फुल स्पीडला लावतो. तो हूड घरातली हवा बाहेर ओढतो, मग ती हवा कुठूनतरी आत यायला हवी, ती येते स्टोव्हच्या चिमणीतून उलटी. आणि येताना धूर घेऊन येते. आमच्याकडे बसवणाऱ्याने हूड फुल लावून, दारंखिडक्या बंद करून मुद्दाम धुराची चाचणी करून दाखवली, तुम्हीही करून घ्या, सोडू नका. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तर नियमानेच लागतो, स्टोव्हपासून १ ते ३ मीटरवर. स्टोव्हच्या डोक्यावर लावू नका आणि ड्रॉवरमध्ये तर मुळीच नको.

शेंगोळे
तुम्ही सगळे देवमाणसं आहात. मग ५ किलोवॉट, यादीतला, फक्त लाकूड, हेटासवाला माणूस. किचनचं दार आम्ही काढूनच टाकलंय त्यामुळे फोडणीवाली ताईंचा मुद्दा पक्का लागू. बाबा येण्याआधी बसला पाहिजे बस, त्यांचा पंप थंडीत सारखा लागतो.

डॉ_सदाफुली
थांबा. पंप म्हणजे इन्हेलर? बाबांना दमा आहे का?

शेंगोळे
हो म्हणजे दमा-सीओपीडी असं काहीतरी लिहिलंय कागदावर. पण हे क्लीन बर्निंग स्टोव्ह ना? धूर तर चिमणीतून जाणार.

डॉ_सदाफुली
अहो, मग हा सगळा बेतच गुंडाळा. मी छातीच्या वॉर्डात काम करते म्हणून जरा कठोर बोलतेय, राग मानू नका.

"क्लीन" हे उघड्या फायरप्लेसच्या आणि जुन्या स्टोव्हच्या तुलनेत. गॅस बॉयलरच्या तुलनेत चांगल्यात चांगला, यादीतला, कोरडं लाकूड घातलेला स्टोव्हसुद्धा शेकडो पट जास्त पीएम २.५ सोडतो. हे कण इतके बारीक की ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. आणि सगळं चिमणीतून जात नाही, प्रत्येक वेळी लाकूड घालायला दार उघडलं की थोडं खोलीत येतं, राख काढताना येतं. स्टोव्हच्या सगळ्यात जवळची खुर्ची कोणाला मिळणार? बाबांनाच ना. सीओपीडी म्हणजे श्वासनलिका अरुंद होण्याचा जुनाट आजार, अशा माणसाला लाकडाच्या स्टोव्हशेजारी सहा महिने बसवायचं? आपल्याकडे सिगरेट न ओढलेल्या बायकांना हा आजार होतो तो बऱ्याचदा चुलीपुढे बसूनच.

लंडनला डिसेंबर १९५२ मध्ये ५ ते ९ तारखेला जे धुकं पडलं त्यात हजारोंनी माणसं गेली आणि मग १९५६ चा क्लीन एअर अ‍ॅक्ट आला, तुमची ती धूरबंदी तिथूनच आलीये. त्यात गेलेले बरेचसे म्हातारे आणि आधीच छातीचे आजारी होते.

घर गरम ठेवणं बाबांना गरजेचं आहेच, थंड खोली दम्याला तितकीच वाईट. ती गॅसवरच करा.

नळ_आणि_दमयंती
डॉक्टरांना +१. हे आधी कळलं असतं तर मी तो एवढा मोठा परिच्छेद टायपलाच नसता. बाकीचं घर तापतं आणि एकच खोली तापत नाही म्हटलं तर आधी रेडिएटर बघा. वर गरम खाली गार असेल तर आत गाळ बसलाय, खाली गरम वर गार असेल तर हवा अडकलीये, ती किल्लीने दोन मिनिटात निघते. सगळाच कोमट असेल तर सिस्टीम बॅलन्स करायला हवी (म्हणजे सगळ्या रेडिएटरना गरम पाणी नीट वाटून जाईल असं करायचं) किंवा खोलीच्या मानाने रेडिएटर लहान आहे, डबल पॅनलचा मोठा बसवा, स्टोव्हच्या खर्चापुढे तो चिल्लर आहे. ती फळी ठोकलेली फायरप्लेस पण तपासा, फळीच्या फटीतून आणि मागून सगळी ऊब वर जात असणार. चिमणीत घालायचा फुगा मिळतो नाहीतर लोकरीचा बोळा मिळतो, तो घाला, पण चिमणी पूर्ण सील करू नका, थोडी हवा खेळती ठेवा नाहीतर ओल येते. खिडक्यांना पट्ट्या लावा, जाड पडदे. आणि पुढेमागे गॅस सोडायचा विचार असेल तर हीट पंपाला इंग्लंड-वेल्समध्ये ७५०० पौंडांचं अनुदान आहे, लाकडाच्या स्टोव्हला शून्य.

शेंगोळे
बायकोला वाचून दाखवलं. पाच मिनिटं शांतता, मग म्हणाली स्टोव्ह कॅन्सल. रेडिएटर आत्ताच हात लावून बघितला, वर गरम आणि खाली बर्फ. म्हणजे गाळ. फ्लश करायला किती घेतात इकडे? आणि स्टोव्ह नाही तर नाही, मागच्या अंगणात बाबांसाठी छोटी चूल मांडली तर? हुरडा नाही निदान वांग्याचं भरीत तरी. त्याला दंड आहे का?

कोल्हापुरी_इन_केंट
धूरबंदीचा नियम इमारतीच्या चिमणीला लागतो, अंगणातल्या उघड्या चुलीला, बार्बेक्यूला नाही. पण त्या चुलीवर शेड बांधून छपरातून धुराडं काढलंत तर लागतो. आणि शेजाऱ्याला रोज त्रास झाला तर उपद्रव म्हणून तक्रार करता येते त्यांना, तो कायदा वेगळा आहे. कधीतरी रविवारी, कोरडं लाकूड, शेजाऱ्याचे कपडे वाळत नाहीत ना बघून, आणि थोडं भरीत त्यांच्याकडे पाठवा.

डॉ_सदाफुली
भरीत तुम्ही भाजा. बाबा आत, खिडकी बंद.

ब्रॅडफर्डची_बायडी
धागा चोरतेय, माफी. आमच्याकडे कुणाला दमा नाही, डोंगरावर गॅसलाइन नसलेलं घर आहे, ऑनलाइन सेकंडहँड स्टोव्ह बघितलाय ५ किलोवॉटचा, २०१६ चा. चालेल का?

लीड्सचा_बंडू
ताई, आधी कौन्सिलच्या नकाशावर घर धूरबंदीत येतं का बघा, डोंगरावर असाल तर कदाचित नसेलही. येत असेल तर मागच्या प्लेटवरचं मॉडेलचं पूर्ण नाव विक्रेत्याकडून फोटोसकट मागवा आणि यादीत शोधा. हवेचा स्टॉप जागेवर आहे का, आतल्या विटा फुटल्यात का, दाराची दोरी दबलीये का ते बघा. दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि पट्टी ओढा, सहज निघाली तर दोरी गेली. आणि जुना स्टोव्ह बसवायला बरेच जण नाही म्हणतात, त्यामुळे पैसे देण्याआधी बसवणाऱ्याला विचारा. शेंगोळे, फ्लशिंगचं व्यक्तिगत निरोपात सांगतो.