स्टाफ नर्सची मुलाखत: पांढरा युनिफॉर्म, साडी की पंजाबी ड्रेस?

नवी_सिस्टर
जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) यंदा पास झाले, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशनही हातात आलंय. मंगळवारी पुण्यात एका खाजगी हॉस्पिटलात वॉक-इन मुलाखत आहे. उदगीरहून रात्रीच्या गाडीनं निघणार. घालायचं काय यावरून हॉस्टेलवर दोन दिवस भांडण चाललंय. ट्यूटर मॅडम म्हणतात, कॉलेजचा पांढरा युनिफॉर्म कडक इस्त्री करून घाल. रूममेट म्हणते, तशी गेलीस तर स्टुडंटच समजतील. मावसभाऊ आयटीत आहे, त्याचं एकच पालुपद, "कॉर्पोरेट हॉस्पिटल आहे, ब्लेझर पाहिजे." ब्लेझर माझ्याकडे नाही आणि मे महिन्यात कुणाचा मागून घालायची हौसही नाही. एक आकाशी पंजाबी ड्रेस आहे, आईची कॉटनची साडी आहे आणि युनिफॉर्म आहे. शिवाय परवा चुलतबहिणीच्या लग्नात कोपरापर्यंत मेंदी काढून घेतलीय. त्यावर कृपया बोलू नका.

जुनी_मेट्रन
मेंदीवर बोलणारच. पण आधी कपडे. पोरी, तुझ्या मॅडम बरोबर सांगतायत. चौतीस वर्षं सरकारी नोकरी केली, पॅनलवरही बसले. युनिफॉर्ममधली मुलगी दारातून आत आली की तिनं हे काम मनापासून धरलंय हे कळतं. वकील कोर्टात काळा कोट घालतो, त्याला कुणी विचारतं का, का घातलास म्हणून? आमच्या वेळी कॅपला स्टार्च करताना बोटं सोलायची. आता कॅप गेली, तेवढी शिस्त तरी राहू दे.

हात_धुवा
मेट्रन मॅडम, आदर ठेवून असहमत. मी इन्फेक्शन कंट्रोलला आहे. वकिलाचा कोट कोर्टात असतो, तो नोकरी मागायला कोट घालून जात नाही. आणि ही मुलगी उदगीर ते पुणे रात्रभर एसटीत बसणार आहे. वॉर्डचा कपडा रस्त्यावर घालू नका म्हणून मी रोज ओरडते, आणि मुलाखतीलाच तो बसमध्ये मळवून न्यायचा?

पॅनल काय बघतं तेही सांगते. आमच्याकडे चौथ्या-पाचव्या प्रश्नाला बेसिनकडे बोट दाखवतात, "हात धुऊन दाखवा." जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनं साबणानं धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात. गेल्या खेपेला एक मुलगी छान ब्लेझर घालून आली होती. बाही वर जाईना. घड्याळ काढलं, ठेवायला जागा नाही, म्हणून दातात धरलं! अंगठ्यापर्यंत पोचेस्तोवर बाही कोपरापर्यंत भिजली. ब्रिटनमध्ये तर २००७ पासून कोपराखाली काहीच नको असा दंडक आहे. लांब बाही नाही, मनगटी घड्याळ नाही, लग्नाची साधी अंगठी तेवढी चालते. तेव्हा आकाशी ड्रेस, कोपरापर्यंत बाही, ओढणी दोन्ही खांद्यांना पिनअप. विषय संपला.

जुनी_मेट्रन
संपला कसा? पिशवीत इस्त्रीचा युनिफॉर्म न्यायचा, तिथं जाऊन बदलायचा. आणि ओढणी कितीही पिन केली तरी वाकलं की ट्रेमध्ये पडते. माझ्यासमोर एकीची ओढणी आयोडीन ठेवलेल्या ट्रेमध्ये गेली होती.

शिवाजीनगर_स्टँड
बदलायचा कुठं मॅडम? पहाटे पाचला गाडी लागते. स्टँडवरच्या स्वच्छतागृहात ओल्या फरशीवर पांढरा युनिफॉर्म नेसून... नव्हे, घालून बघा एकदा.

ब्रदर_बीएस्सी
मुलींना तीन पर्याय तरी आहेत. माझं ऐका. पहिल्या मुलाखतीला मी पांढरा शर्ट, पांढरी पँट घालून गेलो. गेटवरच्या वॉचमननं अडवलं, "वॉर्डबॉयचे फॉर्म उद्या." दुसऱ्या ठिकाणी हुशारी केली, टाय लावला, हातात काळी बॅग. तिथला वॉचमन म्हणाला, "एमआर लोकांची वेळ दुपारी दोननंतर." म्हणजे औषध कंपनीचा माणूस समजला. चार वर्षं बीएस्सी नर्सिंग करून गेटवर मी नर्स आहे हे पटवायचं! तिसऱ्यांदा निळा शर्ट, काळी पँट, बाह्या दुमडलेल्या, फाईल छातीशी धरलेली. त्या दिवशी आत सोडलं आणि नोकरीही लागली. त्यामुळे माझं मत पांढऱ्याच्या विरोधात, कारण गेटवर पांढऱ्याचा अर्थ आपण लावत नाही, वॉचमन लावतो.

पगारपत्रक
सगळा धागा ओढणीवर चाललाय म्हणून वैतागून लिहितोय. हॉस्पिटलं दारावर उभी राहून नर्स शोधतायत आणि आपण मेंदीवर चर्चा करतोय. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या केंद्राच्या समितीनं शिफारस केली होती की ५० खाटांहून लहान खाजगी रुग्णालयातही पगार महिना २०,००० च्या खाली नसावा, आणि २०० खाटांच्या वर असेल तर सरकारी नर्सच्या बरोबरीनं द्यावा. हे किती मुलींना माहीत आहे? माझ्या बहिणीनं झकास साडी नेसून मुलाखत दिली, कौतुकही झालं. मग वर्षभर नोकरी न सोडण्याचा बॉण्ड लिहून घेतला आणि मूळ मार्कशीट टेबलावर ठेवून घेतल्या. नोकरी सोडताना त्या परत मिळवायला पाच महिने गेले. ताई, काहीही घाल, पण ओरिजिनल फक्त दाखव, हातातून सोडू नको. झेरॉक्सचे तीन संच ने.

हात_धुवा
झेरॉक्सचं शंभर टक्के खरं. पण दोन्ही गोष्टी करता येतात ना? पगार विचारायला ओढणी आड येत नाही.

पगारपत्रक
येते. ज्या मुलीच्या डोक्यात आठ दिवस "मी कशी दिसेन" हेच घोळतंय, ती पगाराचा आकडा निघाला की मान खाली घालते. बघितलंय मी.

जुनी_मेट्रन
उलट आहे. अंगावरचं नीट असलं की मान वर राहते. असो. आता मेंदी.

हात_धुवा
मेंदीत जंतू लपत नाहीत मॅडम, टवके उडालेल्या नेलपॉलिशखाली लपतात. नखं बोटाच्या टोकाच्या आत कापलेली असली की झालं.

जुनी_मेट्रन
जंतूंचं तुम्ही बघा, मी पेशंटचं सांगते. लालभडक हात बघून म्हातारी पेशंट पहिलं विचारते, "लग्न झालं का ग?" आणि सुई टोचेपर्यंत गप्पा सुटत नाहीत. पॅनलवरचे साहेबही तेच विचारतील, फक्त दुसऱ्या शब्दांत: "लग्नानंतर नोकरी करणार का?" उत्तर तयार ठेव.

नवी_सिस्टर
बोलू नका म्हटलं तरी मेंदीवरच सगळ्यात जास्त बोललात :)
ठरलं असं: आकाशी ड्रेस. ओढणी घ्यायचीच नाही, ट्यूटर मॅडमचं सुती जॅकेट मिळालंय, बिनबाह्यांचं. गाडीत जुना टॉप, हडपसरला मैत्रिणीच्या खोलीवर आंघोळ करून बदलणार. केसांना जाळी, कानात बारीक कुड्या, घड्याळ खिशात. झेरॉक्स तीन संच झाले, चौथाही काढला. युनिफॉर्म पिशवीत नेतेय, मेट्रन मॅडमसाठी.

जुनी_मेट्रन
जॅकेट कसलं ग? माझं मत बदललेलं नाही. आणि खिसा शिवून घे, पंजाबी ड्रेसला खिसा असतो कुठं?