दोनदाच जेवण, पण सगळ्यांना?
'दिवसातून दोनदाच जेवा, कुणाचंही वजन उतरतं' असं तुम्ही पोस्टमध्ये लिहिलंय. तुमचं उतरलं, छानच. 'कुणाचंही' मात्र खटकलं. मी आणि नवऱ्याने हे एकाच दिवशी सुरू केलं. मला झेपलं (मधला चहा सोडताना जीव गेला, ते वेगळं). तो मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेतो. चौथ्या दिवशी पर्वती चढताना निम्म्या पायऱ्यांवर त्याला दरदरून घाम, हात थरथरायला लागले. एका आजोबांनी खिशातली लिमलेटची गोळी दिली. घरी येऊन मोजली तरी साखर 68, म्हणजे कमीच.

पोट रिकामं असलं तरी हे औषध इन्शुलिन स्रवायला लावतं, मग साखर घसरते. म्हणजे जेवण लांबवायच्या आधी डॉक्टरांना डोस विचारायला हवा होता, तो आम्ही विचारला नाही. आता तो तीनदा जेवतो, भाकरी मोजून. उतरतंय, सावकाश.